कडी आतून निघते

तार करताना पूर्वी एक गोष्ट सगळ्यांनी धरूनच चाललेली असायची: तारमास्तर ती वाचणार. शब्द मोजून पैसे घेणारा माणूस न वाचता मोजणार कसा? म्हणून तारेत कामापुरतंच लिहायचं आणि घरातली भानगड पत्रासाठी राखून ठेवायची. न्यूयॉर्कहून परदेशी तार करणाऱ्या अमेरिकी माणसालाही खिडकीपलीकडचा कारकून ठाऊक होता. १९४५ पासून पुढची तीस वर्षं आपल्या तारेला आणखी एक वाचक आहे आणि तो सरकारी पगारावर आहे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात परदेशी तारा तपासायचा अधिकार सरकारकडे होता. युद्ध संपलं आणि अधिकारही संपला, पण सवय सुटेना. १९४५ च्या ऑगस्टमध्ये लष्कराची माणसं आरसीए, आयटीटी आणि वेस्टर्न युनियन या तीन कंपन्यांच्या दारात गेली आणि तारांच्या प्रती पूर्वीसारख्याच मिळत राहाव्यात अशी मागणी त्यांनी केली. हे बेकायदा आहे, असं कंपन्यांच्या वकिलांनी सांगितलं. मालकांनी एवढंच विचारलं, की उद्या आमच्यावर खटला भरला तर? १९४७ मध्ये संरक्षणमंत्री जेम्स फॉरेस्टल यांनी त्यांना बोलावून अभय दिलं. तेही तोंडीच. या कामाला ‘शॅमरॉक’ असं नाव होतं. सुरुवातीला कागदी फिती आणि मायक्रोफिल्म मिळत. साठच्या दशकात चुंबकीय टेप आल्या, तेव्हा एक माणूस न्यूयॉर्कला जाऊन त्या घेई, प्रती झाल्या की मूळ टेप परत जात. अखेरच्या काळात महिन्याला सुमारे दीड लाख तारा विश्लेषकांच्या नजरेखालून जात होत्या.

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीबद्दल, म्हणजे एनएसएबद्दल, लिहायचं तर सुरुवात गणितज्ञांपासून करायची रीत आहे. अवघड लिपी, अचाट डोकी, शेवटी फुटलेलं कुलूप. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि रंजकही आहेत. पण या संस्थेचा शंभरेक वर्षांचा वंशवृक्ष पाहिला तर कुलूप फोडल्याच्या प्रसंगांपेक्षा कडी आतून काढून मिळाल्याचे प्रसंग जास्त भरतील. तार कंपनी, टेलिफोन कंपनी, इंटरनेट कंपनी: माणसं बदलली, दार तेच राहिलं.

वंशवृक्षाच्या मुळाशी हर्बर्ट यार्डली आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्याने न्यूयॉर्कमध्ये एक छोटं गुप्त कार्यालय थाटलं. बाहेरून ते व्यापाऱ्यांसाठी सांकेतिक कोश तयार करणाऱ्या कंपनीसारखं दिसे. आत परराष्ट्रांचे संदेश उलगडले जात. १९२१-२२ च्या वॉशिंग्टन नौदल परिषदेत अमेरिका आणि जपान युद्धनौकांच्या प्रमाणावरून घासाघीस करत होते. जपानला दहास सात हवं होतं, पण फारच ताणलं तर दहास सहावरही तो राजी होईल, हे टोकियोच्या तारांवरून यार्डलीला आधीच कळलं होतं. अमेरिकी शिष्टमंडळाने मग ताणून धरलं आणि दहास सहावर तडजोड झाली. बाजारात समोरच्याच्या खिशात किती पैसे आहेत हे माहीत असलं, की भाव करणं सोपं जातं. तारा यार्डलीकडे यायच्या त्या तार कंपन्यांच्याच मेहेरबानीने. १९२९ मध्ये परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांना हा उद्योग पसंत पडला नाही आणि त्यांनी पैसे थांबवले. बेकार झालेल्या यार्डलीने १९३१ मध्ये सगळं सांगणारं पुस्तकच छापलं. ते वाचून जपानने आपल्या लिपी बदलल्या.

बदललेल्या लिपी फोडायचं काम विल्यम फ्रीडमन यांच्या लष्करी चमूकडे आलं. जपानच्या ‘पर्पल’ या यंत्रलिपीत दडलेली पुनरावृत्ती १९४० च्या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा दिसली ती जेनेव्हीव ग्रोट्जन या तरुणीला. युद्धकाळात हे काम व्हर्जिनियातल्या अर्लिंग्टन हॉलमध्ये चाले. ते मुळात मुलींचं कॉलेज होतं, आणि लष्कराने ताब्यात घेतल्यावरही तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. सोव्हिएत संदेश उलगडणारा ‘व्हेनोना’ प्रकल्पही तिथलाच, १९४३ साली सुरू झालेला. मार्च १९४६ मध्ये ब्रिटनशी गुप्त करार झाला. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्यात आले आणि ‘फाइव्ह आइज’ हे टोळकं जमलं. हा करार जाहीर झाला २०१० साली.

२४ ऑक्टोबर १९५२ ला अध्यक्ष ट्रुमन यांनी एका गुप्त आदेशावर सही केली आणि ४ नोव्हेंबरला एनएसए अस्तित्वात आली. संसदेत ना चर्चा, ना कायदा. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामधल्या फोर्ट मीड या लष्करी तळावर तिने बस्तान बसवलं. नावाच्या आद्याक्षरांचा अर्थ लोक ‘नो सच एजन्सी’, म्हणजे अशी काही संस्थाच नाही, असा लावत. १९६० मध्ये तिथले मार्टिन आणि मिचेल हे दोन तरुण कर्मचारी पळून मॉस्कोला गेले आणि पत्रकार परिषदेत त्यांनी संस्थेच्या कामाचं बिंग फोडलं, तेव्हा ते नाव पेपरांत गाजलं. अमेरिकी जनतेला आपल्या सर्वांत मोठ्या हेरखात्याची ओळख व्हावी ती मॉस्कोहून, ही गंमत आहे.

ऐकलेलं नीट ऐकलं जातं का, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच. ४ ऑगस्ट १९६४ च्या रात्री टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ला झाल्याचं सांगितलं गेलं आणि व्हिएतनाम युद्धाला संसदेची मान्यता मिळाली. त्या रात्री हल्ला झालाच नव्हता. एनएसएचेच इतिहासकार रॉबर्ट हॅनियॉक यांनी जुने संदेश पुन्हा तपासले, तेव्हा हल्ल्याच्या गोष्टीशी न जुळणारा बराच मजकूर अहवालांतून गाळलेला निघाला. त्यांचा अभ्यास खुला झाला २००५ मध्ये. एव्हाना ते युद्ध संपून तीस वर्षं झाली होती.

शॅमरॉकचा माल जमत होताच. त्यातून आपल्याच माणसांवर नजर ठेवायची वाट ‘मिनारेट’ या मोहिमेने १९६७ पासून रुळवली. एफबीआय, सीआयए वगैरे खाती नावं पाठवत आणि त्या नावांचे परदेशी संदेश एनएसए वेचून देई. १९७३ पर्यंत सुमारे १,६५० अमेरिकी नागरिक या यादीतून गेले. अहवालांवर संस्थेची खूणही नसे, म्हणजे हे बरं नव्हे याची जाणीव करणाऱ्यांना होती. मार्टिन ल्यूथर किंग, मुहम्मद अली, विनोदी स्तंभलेखक आर्ट बुकवाल्ड ही त्यातली नावं २०१३ मध्ये खुली झाली. त्यात आणखी एक नाव सापडलं: आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च.

हेच चर्च १९७५ मध्ये गुप्तहेर संस्थांची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष होते. आपण ज्यांची झडती घेतोय त्यांनी आपली आधीच घेतलेली आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समितीचा सुगावा लागल्यावर त्या वर्षीच्या मे महिन्यात शॅमरॉक गुंडाळलं गेलं. ऑक्टोबरमध्ये एनएसएचे संचालक ल्यू ॲलन यांनी उघड सुनावणीत साक्ष दिली. त्या पदावरच्या माणसाला हे पहिल्यांदाच करावं लागत होतं. यातून १९७८ चा ‘फिसा’ कायदा आला. अमेरिकेत कोणावर हेरगिरीसाठी पाळत ठेवायची तर आता एका खास न्यायालयाची परवानगी लागणार होती. हे न्यायालय बंद दाराआड बसतं आणि एरवी एकाच बाजूचं ऐकतं. १९७९ ते २०१२ या काळात त्याच्यापुढे जवळपास ३४,००० अर्ज आले. नाकारले गेले ११. सरकार पक्ष म्हणतो, अर्ज आधीच नीट घासूनपुसून येतात. असेलही. पण इतका समजूतदार न्यायाधीश आपल्याकडच्या कुठल्याही वकिलाला हेवा वाटावा असाच.

परदेशांसाठी मात्र कायदा आड येत नव्हता, आणि तिथे युक्ती आणखी पुढे गेली. कडी काढून मागायची तरी कशाला, कुलुपांचा कारखानाच विकत घेतला तर? क्रिप्टो एजी ही स्वित्झर्लंडमधली कंपनी अनेक सरकारांना संदेश गुप्त करणारी यंत्रं विकत असे. तिचे संस्थापक बोरिस हागेलिन आणि फ्रीडमन जुने मित्र. आधी सगळं मैत्रीखात्यावर चाललं. १९७० मध्ये सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या हेरखात्याने ५७.५ लाख डॉलरला कंपनी गुपचूप खरेदी केली. यंत्रांत मुरवायच्या कमकुवतपणाचं गणित एनएसएकडून येई. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शंभरावर देशांनी ही यंत्रं घेतली: इराण, लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी राजवटी, व्हॅटिकन, पाकिस्तान आणि भारत. म्हणजे आपलं गुपित राखायला आपण पैसे मोजले आणि ते त्यांच्याच तिजोरीत गेले. १९९२ मध्ये कंपनीचा एक विक्रेता इराणमध्ये पकडला गेला. त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, तरी त्याला नऊ महिने कोठडीत काढावे लागले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने फेब्रुवारी २०२० मध्ये सगळं प्रकरण बाहेर काढलं, तोवर सीआयए हिस्सा विकून मोकळीही झाली होती.

११ सप्टेंबर २००१ नंतर घरातलीही बंधनं सैल झाली. ४ ऑक्टोबरला अध्यक्ष बुश यांनी ‘स्टेलर विंड’ला मान्यता दिली. फिसा न्यायालयाला बाजूला ठेवून, अमेरिकेतून जाणारे-येणारे फोन आणि ईमेल टिपायला. हे तांत्रिकदृष्ट्या कसं चाले ते कळलं एका तंत्रज्ञामुळे. मार्क क्लाइन सॅन फ्रान्सिस्कोतल्या फोल्सम स्ट्रीटवरच्या एटी अँड टीच्या इमारतीत काम करायचा. सातव्या मजल्यावर इंटरनेटच्या ऑप्टिकल फायबर केबल येत. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाश धावतो, आणि त्या वाटेत एक स्प्लिटर बसवलेला होता. तो प्रकाशाचे दोन भाग करतो. एक नेहमीच्या वाटेने पुढे जातो, दुसरा दुसऱ्या केबलने सहाव्या मजल्यावरच्या ६४१-ए क्रमांकाच्या खोलीत. फोन करणाऱ्याला खरखर ऐकू येत नाही, ईमेल उशिरा पोचत नाही. त्या खोलीत कंपनीच्या साध्या तंत्रज्ञांना प्रवेश नव्हता. एनएसएने पारखून घेतलेलाच आत जाई. जोडण्यांची देखभाल क्लाइनकडे होती आणि वायरिंगचे कागद त्याच्या हातात होते. नळाला कुठे टी लावलाय हे प्लंबरला कळावं, तसं त्याला ते कळलं.

या पाळतीची वर्षभर दाबून ठेवलेली बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १६ डिसेंबर २००५ ला छापली. पुढच्या महिन्यात क्लाइन आपले कागद घेऊन इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या दारात उभा राहिला. कंपनीवर खटला उभा राहिला, आणि २००८ मध्ये संसदेने कायदाच दुरुस्त करून दूरसंचार कंपन्यांना मागील तारखेपासून अभय दिलं. फॉरेस्टल यांनी १९४७ मध्ये जे तोंडी सांगितलं होतं, ते आता छापील झालं. याच दुरुस्तीत ‘कलम ७०२’ आहे: देशाबाहेरच्या परदेशी माणसाचे संदेश अमेरिकी कंपन्यांकडून घ्यायला प्रत्येक माणसामागे स्वतंत्र परवानगी लागत नाही.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन या कंत्राटी कर्मचाऱ्याने हाँगकाँगमध्ये पत्रकारांच्या हाती संस्थेचे गुप्त कागद दिले आणि पुढचं बहुतेकांना आठवत असेल. आपल्याकडे त्याच सुमारास, जुलैच्या मध्यावर, तार सेवा कायमची बंद झाली आणि शेवटची तार करायला लोकांनी रांगा लावल्या. स्नोडेनच्या कागदांतली पहिली बातमी व्हेरायझन या फोन कंपनीची होती. कंपनीने रोजच्या रोज सगळ्या फोनची नोंद एनएसएला द्यायची, असा गुप्त न्यायालयाचा आदेश. त्याच्या तीनच महिने आधी राष्ट्रीय गुप्तचर संचालक जेम्स क्लॅपर यांना सिनेटर रॉन वायडन यांनी जाहीर सुनावणीत विचारलं होतं, की कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा केली जाते का. क्लॅपर नाही म्हणाले, जाणूनबुजून तर नाहीच.

यात बोलणं नाही, फक्त नंबर, वेळ आणि किती मिनिटं एवढंच आहे, असा बचाव झाला. एका घरातून पहाटे तीनला रुग्णवाहिकेला फोन जातो. साडेतीनला डॉक्टरला. पाचच्या आत गावाकडचे आणि परदेशातले दहा-बारा नंबर, प्रत्येकी एखादं मिनिट. सहाला भटजींना. यातला एक शब्दही ऐकायची गरज पडते का? सरकारनेच नेमलेल्या खासगीपणाविषयक मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं, की या नोंदींमुळे दहशतवादाच्या एखाद्या तपासाचा निकाल बदलला असं एकही उदाहरण सापडलं नाही. पुढच्या वर्षी घाऊक नोंदी जमवणं कायद्याने बंद झालं.

दुसरी बातमी ‘प्रिझम’ची. मायक्रोसॉफ्ट २००७ मध्ये पहिली, मग याहू, गूगल, फेसबुक, आणि ॲपल २०१२ मध्ये. इथे माझ्या म्हणण्याला थोडी मुरड घालायला हवी. सगळ्यांनीच हसतमुखाने दार उघडलं असं नाही. याहू गुप्त न्यायालयात लढली, हरली, आणि ऐकलं नाही तर दिवसाला अडीच लाख डॉलर दंड होईल अशी धमकी तिला मिळाली. दाराने येऊनही भागेना, तिथे भिंतीला भोक पाडलं गेलं. गूगल आणि याहूच्या डेटा सेंटरांना आपसांत जोडणाऱ्या केबल ब्रिटनच्या जीसीएचक्यू या हेरखात्याबरोबर परस्पर टिपल्या जात होत्या. ती जागा दाखवणाऱ्या हाताने काढलेल्या आकृतीत, संरक्षक आवरण जिथे निघतं तिथे, कोणीतरी एक हसरा चेहरा काढून ठेवला होता. कंपन्या खऱ्या अर्थाने संतापल्या त्या हा कागद पाहून, आणि त्यानंतर आपल्या अंतर्गत वाहतुकीलाही त्यांनी कुलूप लावलं.

भारताचं काय? मार्च २०१३ या एका महिन्यात भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा झाल्याचं एनएसएच्याच तक्त्यात होतं. इराण, पाकिस्तान, जॉर्डन, इजिप्त यांच्या खालोखाल पाचवा क्रमांक. ज्यांची माहिती जमवायला २०१० मध्ये न्यायालयाने मुभा दिली, त्या परदेशी संघटनांच्या यादीत भारतीय जनता पक्ष होता. हे २०१४ च्या उन्हाळ्यात छापून आलं, तोवर तो पक्ष दिल्लीत सत्तेवर होता. अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्याला बोलावून नाराजी कळवली गेली. तारा अडवायची मुभा आपल्या सरकारलाही १८८५ च्या तार कायद्याने दिलेली होतीच, त्यामुळे ओरडा फार मोठा करणंही अवघड.

एवढं जमवून मिळतं काय, याचं मुंबईला जवळचं एक उदाहरण आहे. लष्कर-ए-तैयबाचा तांत्रिक काम पाहणारा झरार शाह २००८ च्या शरदात जीसीएचक्यूच्या नजरेत होता. तो नेटवर काय शोधतो, कुठे जातो, ते टिपलं जात होतं. मुंबईवरच्या हल्ल्याची योजना आखायला त्याने उपग्रहचित्रं पाहिली, आणि फोन कुठून येतोय हे कळू नये म्हणून अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका कंपनीकडून इंटरनेट फोनची सोय केली. भारतीय यंत्रणांचीही त्याच्यावर नजर होती, अमेरिकेला दुसऱ्या वाटांनी धागे मिळत होते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’, ‘प्रोपब्लिका’ आणि ‘फ्रंटलाइन’ यांनी हे एकत्र मांडलं. तिन्ही देशांच्या यंत्रणांकडे तुकडे होते, ते २६ नोव्हेंबरच्या रात्रीआधी कोणी एका टेबलावर ठेवले नाहीत. गवताच्या गंजीत सुई शोधायची तर आधी गंजी हवी, असं या संस्थांचं म्हणणं असतं. इथे सुई हातात होती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला एनएसएचा स्पर्श झाला तो मात्र वेगळ्याच वाटेने. विंडोजमधली एक फट संस्थेला सापडली होती. तिच्यातून शिरणारं हत्यार, ‘इटर्नलब्लू’, तिने अनेक वर्षं वापरलं आणि मायक्रोसॉफ्टला सांगितलं नाही. मग हत्यारंच चोरीला गेली. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये ठिगळ दिलं आणि पुढच्याच महिन्यात ‘शॅडो ब्रोकर्स’ या नावाने कोणीतरी ती हत्यारं चव्हाट्यावर मांडली. मे महिन्यात याच फटीतून शिरलेल्या ‘वॉनाक्राय’ व्हायरसने ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचं काम विस्कळीत केलं. २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तेच हत्यार वापरणारं ‘नॉटपेट्या’ सुटलं आणि त्याने मर्स्क या जहाज कंपनीला जगभर आडवं केलं. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे त्याचा दोष रशियन लष्करावर ठेवला. न्हावा-शेव्यातलं मर्स्क समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. कुठला कंटेनर कोणाचा हेच संगणक सांगेना. बाहेर ट्रेलर खोळंबले, आणि माल हाताने नोंदी करून हलवायची वेळ आली. फोर्ट मीडला तयार झालेली चावी, रशियाने फिरवलेली, आणि उरणच्या रस्त्यावर अडकलेला ड्रायव्हर.

कलम ७०२ अजून वादात आहे. परदेशी माणसाच्या संदेशांबरोबर त्याच्याशी बोललेल्या अमेरिकनांचे संदेशही साठतात आणि एफबीआय त्या साठ्यात अमेरिकी नावं टाकून शोध घेते. असा शोध घ्यायच्या आधी न्यायाधीशाचं वॉरंट घ्यावं, ही दुरुस्ती १२ एप्रिल २०२४ ला अमेरिकी प्रतिनिधीगृहात मतदानाला आली. बाजूने २१२, विरोधात २१२. बरोबरी झाली की दुरुस्ती पडते, तशी ती पडली, आणि कायद्याला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. त्या २१२ जणांचा आग्रह होता तोही अमेरिकनांपुरता. पुण्याहून न्यू जर्सीतल्या मुलाला रोज फोन करणाऱ्या आईचा विषय त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या कागदावर नव्हता. मुलाचा होता.